मागून घेतलेलं वर्ष

लिंकन, नेब्रास्का

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार

उद्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमातला पहिला सामना. दुपारपासूनच गावात लाल टी-शर्टांची गर्दी आहे. मेमोरियल स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं १९६२ पासून संपत आली आहेत. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये जमणारे लोक मोजले, तर लिंकन आणि ओमाहा सोडून राज्यातलं एकही गाव एवढं मोठं भरणार नाही.

संध्याकाळी कोल्हापूरहून बाबांचा फोन आला. रेडशर्ट म्हणजे काय, ते त्यांना पहिल्यांदाच नीट सांगितलं. कॉलेजात नाव घातल्यापासून मुलाला पाच वर्षं मिळतात आणि त्यांत चारच मोसम खेळता येतात. एक वर्ष हाताशी उरतं. बरेच जण ते पहिल्याच वर्षी खर्च करतात. सराव करायचा, वेट रूममध्ये घाम गाळायचा, बैठकांना बसायचं, पण सामना खेळायचा नाही. पूर्वी एका सामन्यात एका चालीपुरतं उतरलं तरी वर्ष हातचं जायचं. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत सूट आहे.

"मग बसवा की पोराला," बाबा म्हणाले. "तालमीत वस्ताद सांगत नाही तोवर पोरगं मैदानाला जातंय कुठं?"

म्हटलं, बाबा, तालमीत कुणी वर्षं मोजत नाही. पोरगं दोन वर्षं नुसत्या जोर-बैठका मारत राहिलं तरी त्याचं काही बुडत नाही. इथे नाव नोंदवलं की घड्याळ सुरू होतं आणि ते कुणासाठी थांबत नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

टेक्सास-एल पासोविरुद्ध ४०-७. डिलन रायोला पहिल्या वर्षाचा, कॉलेजातला पहिलाच सामना, आणि क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून मैदानात. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात नवख्या मुलाच्या हाती चेंडू देण्याची नेब्रास्काची ही दुसरीच वेळ. पहिला होता २०१८ मध्ये एड्रियन मार्टिनेझ.

माझ्या डोक्यात मात्र सारखे डिलनचे वडील येत होते. डॉमिनिक रायोला इथेच खेळलेले. हवाईहून १९९७ मध्ये आले आणि ते पूर्ण वर्ष बाहेर बसले. २००० साली देशातल्या सर्वोत्तम सेंटरला देण्यासाठी रिमिंग्टन ट्रॉफी सुरू झाली, ती पहिल्यांदा त्यांनाच मिळाली. बापाने वर्षभर थांबायचं आणि मुलाने पहिल्याच दुपारी उतरायचं, यात मला विसंगती वाटत नाही. सेंटर हा लाइनमन. त्याच्या समोर तीन-चार वर्षं लोखंड उचललेला बावीस वर्षांचा माणूस उभा असतो आणि प्रत्येक चालीला त्याच्याशी धडक घ्यावी लागते. अठराव्या वर्षी उंची आलेली असते, पण कंबर आणि मांड्या अजून भरलेल्या नसतात. क्वार्टरबॅकला मुख्यतः नजर लागते आणि ती सामन्यातच तयार होते. रिसीव्हरला वेग लागतो, तो बहुतेक घरूनच घेऊन येतो.

त्यामुळे "नवख्यांना खेळवावं की थांबवावं" असं सरसकट विचारणाऱ्यांना मी आधी विचारते, कुठल्या जागेवर?

८ सप्टेंबर, रविवार

काल कोलोरॅडोला २८-१० ने हरवलं. गावभर रात्री उशिरापर्यंत हॉर्न वाजत होते.

याच कोलोरॅडोविरुद्ध २०१८ मध्ये मार्टिनेझचा पहिला सामना झाला होता आणि त्यातच त्याचा गुडघा दुखावला. पुढे चार मोसम तो इथे खेळला. एकाही मोसमात संघाला हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकता आले नाहीत. २०२१ मध्ये तर जबडा मोडलेला असताना तो खेळत राहिला. लोक त्याच्या चुका मोजत बसायचे. मला दिसायचा तो कच्च्या संघाचा सगळा भार अठराव्या वर्षापासून अंगावर घेतलेला मुलगा. एक वर्ष थांबला असता तर काय झालं असतं, ते कुणी सांगू शकत नाही. पण त्याला थांबायचं आहे का, हे त्या वेळी कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

माझ्या गणिताच्या वर्गात मागच्या बाकावर एक लाइनमन बसतो. बाक त्याला पुरत नाही. राज्याच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरातला, स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून आलेला. आज वर्ग संपल्यावर थांबला. शंका विचारायच्या होत्या अनुक्रमांच्या, पण बोलायचं वेगळंच होतं. गावाकडचे लोक दर रविवारी फोन करून विचारतात, "टीव्हीवर दिसला नाहीस?" त्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. आठवडाभर तो स्काउट टीममध्ये असतो. म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली शिकून आपल्याच मुख्य संघाच्या अंगावर जायचं, आपटून घ्यायचं आणि शनिवारी कडेला उभं राहायचं.

मी त्याला वॉरन अल्फसनची गोष्ट सांगितली. तो इथलाच, नेब्रास्काचा गार्ड. १९३७ मध्ये त्याने पाहिलं की आपल्या जागेसाठी आधीच अनुभवी खेळाडूंची रांग लागली आहे. तेव्हा त्यानेच जाऊन विचारलं, या वर्षी मी नुसता सराव करू का? परवानगी मिळाली. वर्षभर तो नंबर नसलेला लाल शर्ट घालून सराव करत राहिला. १९४० मध्ये तो ऑल-अमेरिकन झाला आणि त्या मोसमाच्या शेवटी नेब्रास्काचा संघ रोझ बोलमध्ये खेळला. आज देशभर ज्याला रेडशर्ट म्हणतात, ते नाव त्या शर्टावरून पडलं असं इथे सांगतात.

मुलाने एवढंच विचारलं, "म्हणजे त्याने स्वतः मागितलं?"

हो. मला या सगळ्या वादात तेच महत्त्वाचं वाटतं. पहिला लाल शर्ट कुणी अंगावर चढवलेला नव्हता, तो मागून घेतलेला होता. पुढे तो कोचच्या हिशेबात गेला. आज कोण नवखा खेळेल आणि कोण बसेल, हे संघाला कुठे भोक पडलं आहे त्यावर ठरतं. मुलगा तयार आहे का, हा प्रश्न मागाहून येतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

काल रात्री इलिनॉयकडून जादा वेळेत हरलो, ३१-२४.

२९ सप्टेंबर, रविवार

काल पर्ड्यूत २८-१० ने जिंकलो, पण आज सगळ्यांच्या तोंडी अलाबामा आणि जॉर्जियाचा सामना. अलाबामा एका टप्प्यावर २८-० ने पुढे होतं. जॉर्जियाने एकेक करत चौथ्या पावात ३४-३३ अशी आघाडी घेतली. त्यानंतरच्या पहिल्याच चालीला रायन विल्यम्सने चेंडू झेलला, जागच्या जागी गर्रकन वळला आणि ७५ यार्डांचा टचडाउन केला. वय वर्षं सतरा. शाळेचं शेवटचं वर्ष वगळून तो एक वर्ष आधीच कॉलेजात आला आहे. शेवटी जॉर्जिया पुन्हा गोलरेषेकडे येत असताना चेंडू पकडून सामना संपवला तो झेबियन ब्राउनने, तोही पहिल्याच वर्षाचा. ४१-३४.

अशा रात्री थांबा म्हणणाऱ्यांना कुणी विचारत नाही. आणि असे मुलगे पूर्वीही झाले आहेत. १९८० मध्ये हर्शेल वॉकर जॉर्जियाकडून पहिल्याच वर्षी १,६१६ यार्ड धावला आणि जॉर्जिया अपराजित राहून राष्ट्रीय विजेतं ठरलं. अंतिम सामन्यात खांदा निखळलेला असताना तो खेळला. अठरा वर्षांच्या मुलाचा खांदा बसवून त्याला परत मैदानात पाठवलं. ती कथा सांगताना लोकांच्या डोळ्यांत चमक येते. माझ्या अंगावर काटा येतो.

१९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घ्यायलाच मनाई होती. युद्धकाळात मोठी मुलं आघाडीवर गेली तेव्हा तेवढी सूट मिळाली. तो सरसकट नियम परत आणावा असं मी म्हणणार नाही. विल्यम्सला वर्षभर कडेला उभं करणं अन्यायच होईल. पण तो अपवाद आहे, आणि अपवाद पाहून प्रत्येक आईबापाला आपलं पोरगं तसंच वाटायला लागतं.

याच आठवड्यात लास व्हेगासच्या संघाच्या क्वार्टरबॅकने, मॅथ्यू स्लूकाने, तीन सामने जिंकून दिल्यावर संघ सोडला. वचन दिलं होतं ते पाळलं गेलं नाही, असं त्याचं म्हणणं. चार सामन्यांच्या सवलतीत बसत असल्यामुळे त्याचं वर्ष शाबूत राहिलं. ती सवलत नवख्यांना थोडी चव घेता यावी म्हणून दिली होती. आता २०२१ पासून खेळाडूंना नावाचे पैसे घेता येतात, संघ बदलायला पोर्टल आहे, आणि तीच सवलत वाटाघाटीत वापरली जाते. मुलांचा मला राग येत नाही. मोठ्यांनीच एवढा हिशेब मांडल्यावर मुलं तो शिकणारच.

२० ऑक्टोबर, रविवार

इंडियानात ५६-७ ने हरलो. पानभर लिहिण्यासारखं काही नाही. समोर पंचवीशीकडे झुकलेली माणसं होती. २०२० चा करोनातला मोसम कुणाच्याही खात्यात धरला नाही, त्यामुळे यंदा देशभर सहाव्या वर्षाचे खेळाडू आहेत. नवख्यांसाठी एवढी अवघड वेळ बहुधा याआधी आली नसेल.

१० नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात सामना नव्हता म्हणून जुनं चाळत बसले. टॉम ऑस्बर्न इथे १९७३ ते १९९७ कोच होते. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्या लाइनमधले बहुतेक मुलगे आधी एक वर्ष थांबलेले, मग दोन-तीन वर्षं हळूहळू वर आलेले. ते जमलं कारण थांबलेल्या मुलाला करायला काहीतरी होतं. बॉइड एपली यांना नेब्रास्काने १९६९ मध्ये ताकदीच्या तालमीसाठी नेमलं, तेव्हा वजन उचललं की खेळाडू जड आणि मंद होतो असं कोच मानायचे. इथून निघालेली ती पद्धत मग देशभर गेली. नुसतं बाकावर बसवलेलं वर्ष वाया जातं. चांगला आहार, व्यायाम आणि शिकवणारा माणूस असेल, तरच त्या वर्षाला अर्थ येतो. "आमचा अमुक वर्षभर बसला आणि खचून गेला" म्हणणाऱ्यांचंही म्हणूनच खोटं नसतं.

आणि याच ऑस्बर्ननी १९९२ मध्ये टॉमी फ्रेझरला पहिल्याच वर्षी मोसमाच्या मध्यावर क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं. दोन विजेतेपदं त्याच्याच काळातली. माणूस पाहून निर्णय घेणारा कोच होता, एवढंच म्हणते.

२४ नोव्हेंबर, रविवार

विस्कॉन्सिनवर ४४-२५. २०१६ नंतर पहिल्यांदा मोसमाअखेरच्या बोल सामन्याला पात्र. मैदानात लोक उतरले.

शुक्रवारी तो लाइनमन येऊन गेला. आता फोन आले की काय सांगायचं ते त्याला सुचतं. स्काउट टीममध्ये दर आठवड्याला वेगळ्या संघाची लाइन खेळून दाखवावी लागते, त्यामुळे आमच्या परिषदेतल्या, म्हणजे गटातल्या, अर्ध्या संघांच्या पायांच्या हालचाली आपल्याला पाठ झाल्या, म्हणाला. वजन नऊ किलोंनी वाढलं आहे. अनुक्रमांत अजून अडतो. पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचं पक्कं केलंय आणि पाच वर्षांचा आराखडा काढून आणला होता. तो कागद पाहून मला फार बरं वाटलं. वर्गात शिकवणारी म्हणून माझा स्वार्थ यात आहेच. सकाळी सहाचं वेट रूम, दुपारी सराव, शनिवारी दुसऱ्या राज्यात सामना, आणि त्यात पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस, हे सगळं पेलणारा अठरा वर्षांचा मुलगा मला क्वचित भेटतो.

२२ डिसेंबर, रविवार

टेनेसीतल्या एका न्यायाधीशांनी या आठवड्यात व्हँडरबिल्टच्या डिएगो पाव्हियाला आणखी एक वर्ष खेळायची मुभा दिली. ज्युनियर कॉलेजातली वर्षं खात्यात धरण्यावरून तो कोर्टात गेला होता. आता सगळा हिशेबच डळमळीत झाला. पाच वर्षांत पाचही मोसम खेळू द्या, भानगडच नको, अशी मागणी कोचमंडळींतून येते आहे.

मला ती अर्धी पटते. सामने मोजत बसणं संपेल, ते बरंच. पण पाचही मोसम खुले झाले तर कोणता कोच कुणाला थांबवेल? लाइनमध्ये दोघे जायबंदी झाले की ऑक्टोबरात अठरा वर्षांच्या पोराला उतरवतील, आणि त्याला नाही म्हणता येणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की खेळाडूला पाचांपैकी एक वर्ष लेखी मागून घेता यावं. मागितलं की कोचने त्याला सामन्यात उतरवायचं नाही आणि स्कॉलरशिपला हात लावायचा नाही. पहिलंच वर्ष असलं पाहिजे असंही नाही.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

काल रात्री ओहायो स्टेट विजेतं ठरलं, नोट्र डेमवर ३४-२३. शेवटी शेवटी ११ यार्ड हवे असताना विल हॉवर्डने लांब फेकलेला चेंडू जेरेमाया स्मिथने झेलला. ५६ यार्ड. स्मिथ पहिल्याच वर्षाचा. सगळीकडे तोच फोटो.

मी हॉवर्डकडे पाहत होते. २०२० मध्ये कॅन्सस स्टेटला तो पहिल्याच वर्षी खेळला, दुसरा खेळाडू जायबंदी झाला म्हणून. २०२२ मध्ये त्याने ठरवलं की यंदा बाहेर थांबायचं. त्या वर्षी त्याच्या जागेवर खेळत होता नेब्रास्काहून गेलेला आमचा मार्टिनेझ. मार्टिनेझला दुखापत झाली, हॉवर्डने राखलेलं वर्ष सोडून दिलं आणि उतरला. त्या मोसमात कॅन्सस स्टेटने आपल्या परिषदेचं विजेतेपद जिंकलं. काल, पाचव्या वर्षी, राष्ट्रीय विजेतेपद. एकाच मुलाने पहिल्या वर्षी खेळणंही पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी थांबणंही.

इथला डॅनियल केलिन मात्र गेला. रायोलाबरोबर एकाच वर्षी आलेला क्वार्टरबॅक, याच राज्यातला. वर्षभर थांबला आणि पोर्टलमधून व्हर्जिनियाला निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढची दोन वर्षं जागा रिकामी होणार नाही हे दिसत असताना कुणी किती थांबावं?

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांना वेगळीच चिंता. "आपला तो मागच्या बाकावरचा गडी पुढल्या मोसमात उतरणार का?"

उतरेल, बाबा. वजन भरलंय, गुडघे शाबूत आहेत, आणि चारही मोसम शिल्लक आहेत.