टिटवीची अंडी आणि समुद्राची चोरी

उन्हाळ्याच्या अखेरीस कामरगावच्या शिवारात वखरणी सुरू झाली की टिटवीचा आक्रोश ऐकू येतो. मातीच्या रंगाशी एकरूप झालेली तिची ठिपकेदार अंडी उघड्यावर, ढेकळांतच असतात. कोणी जवळ आले की ती डोक्यावरून झेपावते. बैल हाकणारा कधी थबकतो. ट्रॅक्टर थांबत नाही. वाशीम जिल्ह्यातील ह्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी 'टिटवीदेखील समुद्र आटविते' ही म्हण मराठीत समुद्र न पाहिलेल्यांच्याही तोंडी असते.

म्हणीमागची कथा पंचतंत्राच्या 'मित्रभेद' ह्या तंत्रातली. किनाऱ्यावर अंडी घालणे मादीला धोक्याचे वाटते. नर समुद्राला तुच्छ लेखतो. आणि त्याची शक्ती पाहावी एवढ्यासाठीच समुद्र अंडी ओढून नेतो. पुढे पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे, आणि विष्णूच्या अग्निबाणाच्या धाकाने अंडी परत मिळतात.

'आइस एज : डॉन ऑफ द डायनोसॉर्स' (२००९) ह्या चित्रपटात हेच आशयसूत्र उलटे झालेले दिसते. तेथे सिड नावाचा दुबळा स्लॉथ तीन अंडी उचलून नेतो आणि महाकाय आई त्यांच्या शोधात येऊन पिलांबरोबर त्यालाही घेऊन जाते. तिचा देह हाच तिचा युक्तिवाद. तिला कोणापुढे गाऱ्हाणे मांडावे लागत नाही. पंचतंत्रात महाकाय आहे तो चोर. त्यामुळे त्या कथेचा खरा विषय क्रोध नसून क्रोधाला दाद मिळण्याची वाट हा आहे.

ह्याच कथेच्या पोटात, प्रचलित पाठानुसार, टिटवी नवऱ्याला आणखी एक कथा सांगते. माजलेल्या हत्तीमुळे चिमणीची अंडी फुटतात. माशी त्याच्या कानाशी गुणगुणून त्याला डोळे मिटायला लावते, सुतारपक्षी ते डोळे फोडतो, आणि बेडकाच्या आवाजाने पाण्याच्या आशेने गेलेला हत्ती खड्ड्यात पडून मरतो. देव कोठेच नाही. मात्र चिमणीची अंडी परत येत नाहीत. क्षुद्रांच्या एकीतून सूड मिळतो, अंडी मिळतात ती वरिष्ठाच्या मध्यस्थीने : दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की हा भेद अस्वस्थ करतो.

म्हणीने तो पुसून टाकला आहे. तिच्यात गरुड नाही, विष्णू नाही, माशी-बेडूकही नाहीत; एकटी टिटवी समुद्र आटविते. वरवर हा दुर्बलाचा गौरव आहे. पण ही म्हण दुर्बलाला ऐकविणारा माणूस त्याच्याबरोबर गरुडाकडे जाण्यातून आपली सुटका करून घेतो, हेही नाकारता येत नाही. (शाळेत ती शिकविताना हा भाग सहसा राहून जातो.)

आणि कथेचा निवेदक कोण? दमनक. शत्रूचे बळ न जाणता वैर करू नये, असे तो संजीवक बैलाला ह्या कथेद्वारे बजावतो. सिंह आणि बैल यांच्यात वैर पेटविणाराही तोच. पुढे पिंगलक सिंह संजीवकाला ठार मारतो. त्याच्यासाठी कोणी गरुडाकडे जात नाही.