परदेशाचे बोलावणे

परदेशी जाणे म्हणजे पदवी घेऊन येणे, ही समजूत आपल्या समाजात अद्याप दृढ आहे. आमच्या देवस्थानाच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या अर्जातही ‘कोणत्या परीक्षेसाठी’ असा एक रकाना आहे. ज्याच्यापाशी सर्व पदव्या आहेत, जो स्वतः इतरांना शिकवितो, अशा शास्त्रज्ञाला एखादे परकीय विद्यापीठ वर्ष-दोन वर्षे बोलावून घेते, त्याच्या निर्वाहाची सोय होते आणि शेवटी तो कसलीही पदवी न घेता परत येतो, ही गोष्ट त्या रकान्यात बसत नाही. माझ्या भाचीच्या निमित्ताने हा विषय आमच्या घरात आला, तेव्हा अनेकांचा पहिला प्रश्न हाच होता, की आणखी शिकायचे राहिले तरी काय?

भाची रसायनशास्त्राची अध्यापिका आहे. खाजन जमिनीत खारे पाणी शिरले म्हणजे मातीतील क्षारांचे आणि लोहाचे काय होते, हा तिच्या संशोधनाचा विषय. बांध फुटला किंवा मानशीची दारे कुजली, की शेत वाया जाते, हे आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. मातीच्या पोटात काय घडते ते ती शोधीत आहे. तिला एकदम दोन बोलावणी आली. पहिले एका मोठ्या परदेशी प्रयोगशाळेचे. तेथे विजेच्या घटांवर काम चालू आहे. त्यात दोन वर्षे हातभार लावायचा, वेतन भरघोस. दुसरी होती जर्मनीतील हुंबोल्ट प्रतिष्ठानाची अभ्यासवृत्ती. तिची रक्कम त्या मानाने बेताची, परंतु विषय तिचा स्वतःचा, खाजनाचा.

माझ्या बहिणीने देवीला कौल लावण्याचे ठरविले. घरातील वडीलधाऱ्यांचा ओढा अर्थातच भरघोस वेतनाकडे होता. मी एवढेच म्हणालो, की कौल मागताना प्रश्न नेमका मांडावा लागतो. ‘जाऊ की नको’ एवढेच विचारले, तर देवी उजवी पाकळी देईलही. पण कोणाच्या कामासाठी जायचे, ते आपणच आधी ठरवायला नको का?

हे बोलताना माझ्या मनात धर्मानंद कोसंबी होते. साखवाळचा हा आपला माणूस घर सोडून काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडला आणि पाली भाषेत पारंगत झाला. 1910 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक वुड्स यांनी त्यांना अमेरिकेस नेले. समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यायला लावावे की नाही, यावर आपल्याकडे अजून वाद चालत होते, तो हा काळ. काम कोणते? तर हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतलेली आणि 1899 साली त्याच्या मृत्यूने अपुरी राहिलेली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची आवृत्ती पुरी करणे. म्हणजे बोलावणे होते, ते दुसऱ्याने मांडलेल्या कामासाठी. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे यावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि 1912 साली कोसंबी परत आले. पुढे त्याच ग्रंथासाठी ते आणखी तीनदा तेथे गेले. स्वतःची देवनागरी आवृत्ती त्यांनी 1940 साली मुंबईत छापविली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती 1950 साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी; तीवर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे, कोसंबी संशोधक म्हणजे शुद्धी करणारे.

या फेऱ्या व्यर्थ गेल्या असे मात्र मी म्हणणार नाही. 1918 च्या फेरीत त्यांनी मुलाला बरोबर नेले, तो अमेरिकेतील शाळेत शिकला, आणि त्यातून दामोदर कोसंबींसारखा गणिती व इतिहासकार आपल्याला मिळाला. दुसऱ्याच्या कामात राबणे कमीपणाचेही नाही. कित्येकांचा हात तेथेच तयार होतो. पण हात तयार झाल्यावर काय?

सत्येंद्रनाथ बोस यांची कथा वेगळी आहे. 1924 साली ढाक्क्याहून त्यांनी आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून प्रसिद्ध केला आणि बोसना एक पोस्टकार्ड लिहिले. त्या कार्डाच्या बळावर ढाका विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांची रजा खर्चासह दिली, आणि जर्मन वकिलातीने प्रवेशपत्राचे शुल्कही घेतले नाही. पॅरिस व बर्लिन येथे राहून 1926 साली ते परतले, आणि डॉक्टरची पदवी नसतानाही प्राध्यापक झाले. मला या कथेत ढाका विद्यापीठाचे कौतुक अधिक वाटते. पाहुणचार करणारे पुष्कळ भेटतात. घरची जागा राखून ठेवणारा विरळा.

हुंबोल्ट प्रतिष्ठानाची रीत बोसच्या वाटेला जवळची आहे. निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट 1859 साली वारला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये हे प्रतिष्ठान स्थापन झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्यात त्याचा निधी बुडाला, दुसऱ्या युद्धाअखेर काम पुन्हा बंद पडले, आणि 1953 साली ते नव्याने उभे राहिले. त्या वेळी त्याचे अध्यक्ष हायझेनबर्ग होते. अमुक देशाला इतक्या किंवा अमुक शास्त्राला इतक्या जागा, असे तेथे काही नाही. संशोधनाची योजना अर्जदाराने स्वतः आखायची, यजमान प्राध्यापक स्वतः शोधायचा, त्याचे संमतिपत्र जोडायचे. पतीला व मुलांना बरोबर न्यायचे तर त्यांच्यासाठी भत्ता आहे, जर्मन शिकण्याचीही सोय आहे. यजमानालाही प्रयोगखर्चासाठी काही रक्कम मिळते, तेव्हा पाहुणा त्याला भार वाटत नाही.

अखेर भाचीने दुसरे बोलावणे पत्करले. बहिणीने कौल लावला तो त्यानंतर, आणि तोही उजवा मिळाला. तिचे समाधान झाले. रजेचे प्रकरण मात्र महिनोन् महिने रेंगाळले. बिनपगारी रजा एकदाची मिळाली. परत आल्यावर ज्येष्ठता टिकेल की नाही, हे लेखी मिळालेले नाही. देवस्थानाच्या समितीपुढे मी त्या रकान्याचा विषय लेखी ठेवला आहे. विमानभाड्यापुरते साहाय्य तरी अशा अध्यापकांना मिळावे, एवढीच विनंती आहे. भाचीची तयारी झाली आहे. खाजनातील मातीच्या डब्या तेवढ्या घरी ओळीने मांडून ठेवलेल्या आहेत, कारण परकी माती तिकडे नेण्यास वेगळे अनुमतिपत्र लागते, आणि ते अजून यायचे आहे.