झोपेची गोळी

"डॉक्टरसाहेब, झोप येत नाही, गोळी द्या." तुरुंगाच्या ओपीडीत निम्म्याहून अधिक बंदी हेच सांगतात. खोटं नसतं ते. बॅरेकमधला दिवा रात्रभर जळतो, आणि देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत २०२२ अखेर १३१ जण होते. अर्थात गोळी आत विड्यांच्या बदल्यातही चालते, म्हणून ती समोर गिळायला लावून जीभ वर करून बघावी लागते.

माझा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: कच्चा की पक्का? म्हणजे खटला चालू असलेला की शिक्षा झालेला?

पक्क्या कैद्याला निदान शिक्षेचा आकडा ठाऊक असतो. तो सुतारकामाला लागतो, माफीचे दिवस जोडतो, संचित रजेचा अर्ज करतो. कच्च्याकडे मोजायला काहीच नसतं, आणि देशात चारांतले तीन बंदी कच्चेच. त्याचं सगळं मन कोर्टाच्या तारखेवर. आदल्या दिवशी दाढी करतो, शर्ट धुऊन गादीखाली घडी घालून ठेवतो. सकाळी कळतं, पोलीस गार्ड मिळाला नाही. किंवा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर, दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. कोर्टाच्या दृष्टीने व्हीसी सोयीची आहे, पण त्याची खरी पेशी कोर्टाच्या व्हरांड्यात असायची: बायको दिसायची, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवता यायचा. तारीख हुकली की दोन दिवसांत पोटदुखी, छातीत धडधड, नाहीतर बॅरेकमध्ये मारामारी. आरडाओरडा करणाऱ्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. आत आल्यावरच्या पहिल्या काही रात्री आणि जामीन फेटाळल्यानंतरचे दिवस जो गप्प काढतो, त्याच्यावर नजर ठेवायला सांगतो. आत्महत्येचा धोका तेव्हा सर्वांत जास्त.

म्हणूनच नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ मला औषधासारखं वाटतं. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडावं असं ते सांगतं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ते लागू नाही. पण बाकीच्यांना मोजायला काहीतरी मिळालं.

पक्क्याची पडझड दिसते ती सुटल्यावर. बॅरेक बंद होण्याआधी जेवायची सवय, त्यामुळे घरीही संध्याकाळी पाचलाच ताटावर बसतो. बायकोने "भाजी कोणती करू?" विचारलं तर चिडतो, कारण इतक्या वर्षांत त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला हे कमी होतं. औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली ही खुली वसाहत. व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा हीच. तिथे कैदी बायकापोरांसह राहतो, शेती करतो, भाजीवरून भांडतोही. पण तिथे जागा फक्त पक्क्यांना.

कच्चा कैदी मग गोळी घेऊन उठता उठता विचारतो, "साहेब, गुन्हा कबूलच करून टाकू का?" अशा वेळी मी गोळीबरोबर विधी सेवेच्या वकिलांनाही चिठ्ठी लिहितो.