न उडणारा फ्यूज

निपाणीच्या जुन्या पेठेतल्या घरात वायरिंगच्या कामाला गेलो की मी आधी मेन स्विच पाडतो, टेस्टर लावून खात्री करतो आणि किटकॅटची, म्हणजे चिनीमातीच्या जुन्या फ्यूजची, ग्रिप उपसून नाकाशी धरतो. तेवढ्यात मालक हमखास सांगतात, ‘‘अहो, हा फ्यूज वर्षानुवर्षं उडालेला नाही.’’ मला काळजी त्याचीच वाटते.

तंबाखूच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या एका वाड्यात परवा अशीच ग्रिप हाती आली. पांढरी चिनीमाती एका कडेला तपकिरी पडलेली, पितळी पातं काळवंडलेलं, त्याला धरून ठेवणारा जबडा सैल. स्क्रूजवळचं वायरीचं रबर बोट लावताच भुगा होऊन पडलं. मधली फ्यूजची तार मात्र शाबूत!

ती वितळते प्रमाणाबाहेर करंट गेला तर. सांधा सैल झाल्यानं करंट वाढत नाही, वाढतो तो त्या जागेचा अडथळा. दोन हजार वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो. सैल सांध्यात 0.3 ओमचा अडथळा असला, तर नखाएवढ्या जागेत जवळपास 23 वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं लहान आयर्न 25 वॅटचं असतं, म्हणजे तेच बोर्डात चालू ठेवल्यासारखं. उष्णतेनं पितळ गंजतं, जबड्याचा ताण जातो, अडथळा आणखी वाढतो. खाली सागवानी बोर्ड, वर लाकडी पट्टीतून गेलेली वायर.

हे बोर्ड बसवले तेव्हा घरात चार बल्ब, एखादा पंखा आणि रेडिओ असायचा. आता दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरभर पाहुणे असतात, पहाटेपासून गीझर बंदच होत नाही. सांध्याला निवायला उसंत मिळत नाही. त्यात मागं कधी फ्यूज गेला असेल आणि कुणी वायरीतल्या तीन-चार तारा पिळून घातल्या असतील, तर उरलंसुरलं संरक्षणही गेलं.

फ्यूजच्या जागी नुसता एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, बसवून भागत नाही, सैल सांधा त्यालाही कळत नाही. वायरीचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापावं, स्क्रू घट्ट आवळावा, रबराची वायर बदलावी, गीझरला स्वतंत्र लाईन ओढावी. गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. जुन्या बोर्डात अनेकदा न्यूट्रललाही फ्यूज असतो, तो वायरमनकडून आधी काढून तिथं न तुटणारी सलग जोडणी करून घ्या. तो उडाला की दिवे जातात, घरात मात्र फेज जिवंत राहतो. लाईट गेली समजून हात घालणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

मीटरजवळचा सीलबंद कटआउट गरम लागला, करपल्याचा वास आला किंवा त्यातून चरचर ऐकू आली, तर तिथं आपल्या वायरमनलाही हात घालू देऊ नका. शक्य असल्यास घरातला मेन स्विच पाडा आणि हेस्कॉम या वीज कंपनीला 1912 वर लगेच कळवा.