तेलविहिरींच्या गावचं गाणं

'कंट्री म्युझिक' म्हटलं की आपल्या देशी मंडळींना टोपी, घोडा आणि नॅशव्हिल आठवतं. पण कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा बाज निराळा. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांमुळे ओक्लाहोमा-टेक्सासकडची माणसं पोटासाठी इथल्या शेतांवर, तेलविहिरींवर आली. त्यांची करमणूक म्हणजे बार आणि नाच. त्या गोंगाटातही ऐकू जाईल असं खणखणीत वाद्य हवं, म्हणून टेलिकास्टर गिटार, पेडल स्टील आणि ठसठशीत ठेका! नॅशव्हिल तेव्हा व्हायोलिनांचे ताफे लावून गाणी गुळगुळीत करत होतं. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड त्या वाटेला गेले नाहीत.

२०१३ साली विन्स गिल आणि पेडल स्टीलवाला पॉल फ्रँकलिन यांनी या दोघांची गाणी नव्याने रेकॉर्ड केली. अल्बमचं नाव 'बेकर्सफील्ड'. ऑफिसला जाता-येता गाडीत मी तो ऐकतो. आपल्याकडची जुन्या गाण्यांची रिमिक्स आठवली की यांचं कौतुक वाटतं. वाद्यांचा बाज तोच, पण गळा गिलचा स्वतःचा. नक्कल नाही आणि 'आधुनिक' करण्याचा सोसही नाही.

ओवेन्स २००६ मध्ये गेला, हॅगार्ड २०१६ मध्ये. गाणं मात्र चालू आहे. इथेच जन्मलेल्या माझ्या लेकीला बाबूजींची गाणी जपून ठेवायला सांगण्यापेक्षा ती तिच्या गळ्याने गाऊ द्यावीत, हे मला या अल्बमने पटवलं. उच्चार थोडे अमेरिकन होतील. होऊ देत की!