एका शब्दाची दुरुस्ती



भाषेच्या अभ्यासक्रमात आनुवंशिकीचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. पन्नाशी ओलांडेपर्यंत मलाही तसेच वाटत होते. एका विद्यार्थ्याने माझा हा समज दूर केला.

नंदुरबार जिल्ह्यात अध्यापन करीत असताना एका आरोग्य शिबिरासाठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. विषय होता सिकलसेल. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि सातपुड्यातील आदिवासी वस्त्यांमध्ये हा आनुवंशिक विकार आढळतो. रक्ताविषयी मी अनभिज्ञ होतो. शब्दांविषयी मात्र स्वतःस जाणकार समजत होतो. ज्यांच्यात सिकलसेलचे एकच जनुक असते, त्यांच्यासाठी मी ‘सदोष रक्ताचे वाहक’ असे लिहिले आणि ते पत्रक संपर्कसत्रात वाचून दाखवले.

धडगाव तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. “सर, मी वाहक आहे. माझी बहीणही आहे. या एका शब्दावरून तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या पावरीला कोणी अशुद्ध म्हटलं तर मान्य करू नका, असं तुम्हीच शिकवलंत. मग रक्ताला सदोष कसं म्हणता?”

मजपाशी उत्तर नव्हते. त्या रात्री मी बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडले.

रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. सिकलसेलचे मूळ एवढेच. जनुकाच्या लिपीत एक अक्षर बदललेले असते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक आहे, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तोच नियम देहातही चालतो, हे वाचून मी थक्क झालो. आई आणि वडील दोघांकडूनही हे बदललेले जनुक आले, तर प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाकडूनच आले, तर माणूस सहसा निरोगी आयुष्य जगतो. तो वाहक होय.

मग एवढे दुःख देणारा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात वाहक अधिक जगले, त्यांची मुले वाढली, जनुक टिकले. उत्क्रांतीत गुण आणि दोष परिस्थितीवरून ठरतात. मी ज्याला ‘सदोष’ म्हटले, त्याने कित्येकांच्या पूर्वजांना तारले होते.

येथे एक सावधगिरी हवी. डार्विनने 1859 च्या ग्रंथात सजीवांचे वर्गीकरण वंशक्रमाने करावे हे पटवताना भाषांचेच उदाहरण दिले. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1907 मधील खंडात भिल्ल भाषा आणि खानदेशी एकत्र मांडल्या आहेत. दोन्हीकडे वृक्षाचेच चित्र असले, तरी हे दोन वृक्ष एक नव्हेत. मूल ज्यांच्यात वाढते त्यांची भाषा बोलते. जनुके मात्र जन्मदात्यांचीच घेते. घरी गुजरी बोलणारा आणि घरी भिली बोलणारा बाजारात अहिराणीत भाव ठरवतात, म्हणून ते एका रक्ताचे होत नाहीत. तसेच सिकलसेल ही एखाद्या जमातीची खूणही नव्हे; आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य समुद्राच्या काठीही ती आढळते.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. ‘सदोष’ हा शब्द खोडला म्हणून आजार खोडला जात नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि दोन्हींतून मुक्त राहण्याची 25 टक्के असते. पहिले मूल आजारी जन्मले, आता पुढची तीन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. म्हणून विवाहापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे. एक वाहक असेल आणि दुसऱ्यात हा किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक बदल नसेल, तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. ही एवढी माहिती वेळेवर पोहोचली असती, तर ते लग्न कदाचित मोडले नसते.

पत्रक मी पुन्हा लिहिले. त्या विद्यार्थ्याने त्याचे पावरी रूप केले. ‘वाहक’साठी त्याने एक शब्द शोधला नाही, एक वाक्य लिहिले. त्याचा अर्थ असा : आईकडून एक येते, वडिलांकडून एक येते; याच्यात त्यांतले एक वेगळे आहे. तीस वर्षे परिभाषा शिकवूनही मला इतकी निर्मळ व्याख्या सुचली नव्हती. त्याच्या बहिणीचे लग्न त्यामुळे जुळले नाही. पत्रक तिच्यासाठी उशिरा आले.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक काम करा. आपल्या बोलीतील आजारांची दहा नावे टिपा आणि ते नाव आजाराला लावले जाते की माणसाला, हे प्रत्येकासमोर लिहा.