मानलेली नाती

व्युत्पत्तिशास्त्राचा अभ्यासक शब्दांची रक्ताची नाती शोधतो. लोकमानस मात्र शब्दांशी मानलेली नाती जोडत असते. अशा लटक्या व्युत्पत्तींना शास्त्रात स्थान नसले, तरी त्या निरर्थक नसतात. शब्द आपल्या घरचा असावा असे कोणाला व का वाटले, याचा इतिहास त्यांत साठलेला असतो. वेल्श भाषेच्या संदर्भात हा इतिहास विशेष बोलका आहे.

अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली मुळात वेल्श होता, असे वेल्समध्ये गमतीने आणि क्वचित गांभीर्यानेही म्हटले जाते. पेम्ब्रोकशर परगण्यात प्रेसेली नावाच्या टेकड्या आहेत. तेथेच सेंट एल्विस नावाचे एक चिमुकले धर्मक्षेत्र आहे. गायकाच्या आईचे ग्लॅडिस हे नाव तर उघडच वेल्श वळणाचे. तीन खुणा जुळल्यावर वंशावळ सिद्ध व्हायला वेळ कितीसा लागणार? वस्तुतः एल्विस हे वडिलांचे मधले नाव मुलाकडे आले. प्रेस्ली या आडनावाचा संबंध कोणी इंग्रजी प्रीस्टलीशी, तर कोणी जर्मन प्रेसलरशी लावतात. सेंट एल्विस हा संतही मूळचा आयर्लंडचा. तरीही या कथेतला आनंद ओसरत नाही, कारण जगाने उचलून धरलेल्या नावावर एका लहान भाषेने हक्क सांगितलेला असतो.

हाच खेळ सत्तेच्या हाती गेला की त्याचे रूप पालटते. ‘पेन’ म्हणजे डोके आणि ‘ग्विन’ म्हणजे पांढरा. म्हणून ‘पेंग्विन’ हा वेल्श शब्द, ही व्युत्पत्ती प्रसिद्ध आहे. १५८३ मध्ये जॉर्ज पेकमने तिचा उपयोग पुराव्यासारखा केला. मॅडॉक नावाचा वेल्श राजपुत्र बाराव्या शतकातच अमेरिकेला पोहोचला होता, तेव्हा त्या भूमीवर इंग्लंडच्या राणीचाच अधिकार, असा तो युक्तिवाद होता. त्या काळी हे नाव उत्तर अटलांटिकमधील ज्या ‘ग्रेट ऑक’ पक्ष्याला होते, त्याचे डोके काळे होते. डोळ्यापुढे पांढरा ठिपका तेवढा होता. या शब्दाच्या मुळाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. परंतु त्याच्या आधारे एक खंड मागितला गेला, हे नाकारता येत नाही.

बेद्गेलर्ट या गावाची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. ‘बेद’ म्हणजे थडगे. पाळण्यातील बाळाला लांडग्यापासून वाचविणाऱ्या गेलर्ट या इमानी कुत्र्याला राजा लेवेलिनने रक्त पाहून उतावीळपणे मारले. त्याचे हे थडगे, असे सांगतात. गावाचे नाव बहुधा एका प्राचीन संतावरून पडले असावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड या हॉटेलचालकाने प्रवासी यावेत म्हणून तेथे दगड उभारला, असे मानले जाते. कथा मात्र पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगुसाच्या कथेच्याच कुळातली. येथे व्युत्पत्ती लटकी आहे, पण कथेचा प्रवास खरा आहे.

अलीकडचे उदाहरण मायक्रोवेव्हचे. वेल्शमध्ये त्याला ‘पॉप्टी पिंग’, म्हणजे पिंग असा आवाज करणारी भट्टी, म्हणतात अशी वदंता आहे. ‘पॉप्टी’ हा ‘पोबी’ (भाजणे) आणि ‘टी’ (घर) यांपासून झालेला अस्सल शब्द. ‘पिंग’ ही थट्टा. वेल्श माणसाच्या तोंडी ते लाडाचे बोलणे असते. तोच शब्द बाहेरच्याच्या तोंडी आला की आधुनिक वस्तूंसाठी या भाषेजवळ शब्दच नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ लागतो. आणि हा आरोप जुना आहे. १८४७ च्या सरकारी शिक्षण अहवालाने वेल्श भाषेला प्रगतीतील अडसर ठरविले होते. त्या शतकात काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत. २०११ च्या कायद्याने या भाषेला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला; २०२१ च्या जनगणनेत ती येते असे सांगणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के होते.

म्हणून लटक्या व्युत्पत्तीची केवळ चूक दाखवून अभ्यासकाचे काम संपत नाही. ती कोण सांगतो आणि कोणाच्या देखत सांगतो, हेही त्याने पाहिले पाहिजे. मायक्रोवेव्हला वेल्शमध्ये ‘मायक्रोडॉन’ असा रीतसर शब्द आहे. त्यात लाट या अर्थाचा ‘टॉन’ हा जुना शब्द वेल्श व्याकरणाच्या नियमानुसार ‘डॉन’ झाला आहे. तो ऐकून कोणी हसत नाही, आणि म्हणूनच तो फारसा कोणाला ठाऊक नाही.